कर्नलमधला एक आकडा

दारव्ह्याला घरी बसून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करू लागले, त्याच सुमारास माझ्या मोठ्या बहिणीची बदली जवळच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात झाली. ताई नर्स. तिथे डॉक्टर रोज नसतात. पेशंटला टॅबसमोर बसवून यवतमाळच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्यायचं, हे तिचं काम.

एका दुपारी तिचा फोन आला. जयभीम करून ती थेट मुद्द्यावर आली. एका गरोदर बाईचं बीपी वाढलं होतं. ताई आकडे सांगत होती आणि डॉक्टर मागच्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. शेवटी तिनं टॅब बाजूला ठेवून साधा फोन लावला होता.

"मी सांगते एक, त्याईले ऐकू जाते अर्धं," ती म्हणाली. "अर्ध्यावर औषध ठरत नाही. तू येऊन पाह्य."

दुसऱ्या दिवशी जीपनं गेले. उपकेंद्रातला राउटर म्हणजे छोटा संगणकच. बाहेर जाणारी माहिती तो आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि जमेल तशी पुढे धाडतो. साठा किती भरला की थांबायचं, तो आकडा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, कायमचा लिहिलेला होता. शहरातल्या वेगवान लाइनीला तो ठीक होता. इथे लसीकरणाचे फोटो चढू लागले की साठा तुडुंब व्हायचा आणि ताईचा आवाज त्यांच्यामागे ताटकळायचा.

आकडा कमी करून मी कर्नल नव्यानं तयार केला. आवाज सरळ जाऊ लागला. पण पुढच्या अपडेटबरोबर जुना आकडा परत येणार होता. म्हणून ठरवलं, तो ज्याचा त्याला बदलता यावा अशी सोय मूळ कर्नलमध्येच घालायची. कर्नल सगळ्यांना खुला आहे, बदल कुणीही सुचवावा. फक्त त्या भागाची देखरेख करणाऱ्याचा होकार लागतो.

तो परदेशातला माणूस. त्यानं नकार कळवला. आकडा विचारपूर्वक ठरवलेला आहे, लोकांच्या हाती दिला तर ते आपलंच नेटवर्क बिघडवून घेतील, असं त्याचं म्हणणं. मला राग आला. तो गिळून मी उपकेंद्रातली मोजमापं पाठवली. ती त्याला पटली. पण कुणी शून्य लिहिलं तर काय, असं त्यानं विचारलं. मी घरच्या राउटरवर लिहून पाहिलं. राउटर जागीच गोठला. त्याची भीती खरी होती. मग किमान मर्यादा घातली, पुन्हा पाठवलं. पुन्हा दुरुस्त्या आल्या. कंपनीचं काम आटोपलं की मी त्यालाच बसायची.

"त्याच आकड्याचं चालू हाये काय अजून?" आईनं विचारलं.

"हो. होईपर्यंत तेच."



अखेर बदल स्वीकारला गेला. मूळ आकडा तोच राहिला, फक्त आता तो बाहेरून कमी-जास्त करता येतो. नवी आवृत्ती घालून आकडा खाली आणला, आणि काही दिवसांनी तपासायला पुन्हा उपकेंद्रात गेले. फोटो चढत होते, आणि ताई एका म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याबद्दल डॉक्टरांशी बोलत होती. ते मधेच थांबवून विचारत, ती लगेच सांगे. मी आल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. मी दाराशीच उभी राहिले.

पेशंट गेल्यावर ती म्हणाली, "आता पलीकडच्या उपकेंद्राचंही कर. तिथली नर्स कवाची म्हणून राह्यली."

लॅपटॉप पिशवीत घातला आणि तिकडे जाणारी जीप कुठून मिळते ते विचारून घेतलं.