आतल्या खोलीतली हवा

मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची म्हणून नांदेडला नाव नोंदवलं, तेव्हा गाइड सरांनी मला विषय दिला तो घरांतल्या रेडॉनचा. रेडॉन हा जमिनीतून येणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण लागतो, पण देगलूरच्या अंगाला गेलं की तांबूस ग्रॅनाइट सुरू होतो. त्या दगडात युरेनियमचा अंश असतो आणि त्यातून हा वायू निघून फरशीच्या भेगांतून वर येतो. उघड्यावर तो विरून जातो. बंद खोलीत साचत राहतो, आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

काम एकट्या आमच्या विषयाचं नव्हतं. छातीच्या विकारांचे एक डॉक्टर, सिव्हिल इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक आणि अर्थशास्त्राच्या एक मॅडम सोबत होत्या. वायू आम्ही मोजायचा, आजार डॉक्टरांनी बघायचा, घर कसं सुधारायचं ते इंजिनिअरनी सांगायचं, आणि ते लोकांना कसं परवडेल हे मॅडमनी. कागदावर सगळं नीट बसलं होतं.

मोजायची पद्धत साधी. प्लास्टिकच्या छोट्या डबीत खास फिल्मचे दोन तुकडे चिकटवायचे आणि डबी छताला टांगून तीन महिने विसरून जायचं. हवेतल्या किरणांचे ओरखडे फिल्मवर उमटतात. फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली की ओरखड्यांची भोकं होतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची.

देगलूरपलीकडच्या एका गावात मी डब्या टांगत फिरले. गावाच्या कडेचं एक घर सरळ खडकावरच उभं होतं. घरधनी साठीचे शेतकरी, त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. घराला एक आतली खोली होती. दगडी भिंती, खिडकी नाही, वर हातभर झरोका. तेव्हा तिथं सोयाबीनची पोती होती. मामांनीच पोत्यावर चढून डबी आढ्याला बांधली.

तीन महिन्यांनी डब्या काढायला गेले, तर त्या खोलीतून ओवा आणि बाळंतशेपाच्या धुरीचा वास येत होता. मामांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोती हलवून तिथं बाज टाकली होती, बाजेखाली शेगडी. झरोक्यात गोणपाट कोंबलेलं, दाराच्या फटीला जुनं लुगडं लावलेलं. वारा कुठून लागू नये म्हणून मामींनी सगळी खोली बंद करून टाकली होती. माझी डबी बरोबर बाजेवर लटकत होती. मी स्टुलावर चढले तेव्हा खाली बाळ झोपलं होतं, आणि ती डबी काढताना माझा हात उगीचच जपून चालत होता.

"हे कशाचं माप घेतंय, ताई?" मुलीनं विचारलं.

मी हवेचं म्हणून सांगितलं.

"मग चांगली हाय का?"

तपासून कळवते म्हणाले आणि निघाले.

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी एकेक फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली धरत गेले. इतर घरांच्या फिल्मवर ठिपके विखुरलेले होते, एकेक वेगळा दिसत होता. आतल्या खोलीच्या फिल्मवर ते एकमेकांवर चढले होते, मोजायला जागाच नव्हती. मला वाटलं, द्रावण जास्त तापलं असेल. डबीतला दुसरा तुकडा ताज्या द्रावणात घातला. तोही तसाच निघाला. सर बराच वेळ डोळा लावून बसले आणि उठताना एवढंच म्हणाले, की पुन्हा मोजावं लागेल.

पुन्हा म्हणजे आणखी तीन महिने. ते बाळ तिथंच असताना.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसलो. सरांचं म्हणणं होतं, एका घराच्या मापावरून काही बोलू नये. अर्थशास्त्राच्या मॅडमना काळजी वेगळीच होती. घराचं नाव बाहेर फुटलं तर त्या घरात कुणी सोयरीक करणार नाही, घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक येणार नाही. इंजिनिअर म्हणाले, उपाय सोपा आहे, फरशीखालून नळी काढून पंख्यानं हवा बाहेर ओढायची, पण त्याची तरतूद प्रकल्पात नाही. डॉक्टरांनी समजावलं की धोका वीस-तीस वर्षांचा असतो, एका बाळाबद्दल कुणालाच काही सांगता येणार नाही. मग चष्मा पुसत ते हळूच म्हणाले, "माझी मुलगी असती तर मी तिला तिथं झोपू दिलं नसतं."

नव्या डब्या लावायचं निमित्त करून मी दुसऱ्या दिवशीच देगलूरची एसटी धरली.

मामा आणि मामी ओसरीवर बसले होते. मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, भीती वाटू नये म्हणून शब्द निवडत. मामींना ते पटेना. त्यांची स्वतःची बाळंतपणं त्याच खोलीत झाली होती. बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं मागं लागतं, ते कोण निस्तरणार, असं त्या म्हणत होत्या. मामांनी मात्र सांगितलं, की त्यांची आई खोकून खोकूनच गेली. थोरला भाऊही तसाच गेला. दोघं त्याच खोलीत निजायची. टीबीचं औषध दिलं, गुण आला नाही. दोघांपैकी कुणी कधी बिडी ओढली नव्हती.

"मॅडम, खरं सांगा," ते म्हणाले, "त्याच्यानंच गेले का ते?"

"मला माहीत नाही, मामा. आता ते कुणालाच सांगता येणार नाही."

हे खरं होतं. तरी त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतेय.

दारात मुलगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, बाळाला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर आली आणि भिंतीला टेकून बसली. मामींनी दोनदा आत चल म्हटलं, ती हलली नाही. मग मामा उठले आणि झरोक्यातलं गोणपाट ओढून त्यांनी अंगणात टाकलं.

त्या दिवशी आतल्या खोलीत लावलेल्या डबीचं माप पुढं आलं, ते पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी होतं. पण कमी म्हणजे बरं नव्हे. नळीचा प्रस्ताव आम्ही पाठवला, अजून उत्तर नाही.

गावात मात्र बोलणं पसरलं. पुढच्या फेरीच्या डब्या बघायला गेले तर सरपंचांच्या ओट्यावर माझ्यासाठी एक पिशवी ठेवलेली होती. मुदतीआधीच लोकांनी आपापल्या डब्या काढून तिच्यात टाकल्या होत्या. एकजण म्हणाला, "डबी लावली तवापासून लोक आजारी पडायची गोष्ट निघायली. आमाला काई कळाया नको." त्याच्या मागं त्याच्या नव्या घराचं काम चाललं होतं. खालचा खडक फोडून पाया घेतला होता, वर घट्ट बसणाऱ्या काचेच्या खिडक्या लावत होते.

मी मामांकडं गेले. मुलगी बाळासह सासरी, निलंग्याकडं गेली होती. बाळ बाळसेदार झालंय, मामी म्हणाल्या. आतल्या खोलीत बाज तशीच होती, त्यावर मामांचं पांघरूण. झरोका पुन्हा बंद होता. उन्हाळ्यात तीच खोली गार राहते, म्हणून आता तेच तिथं निजत होते.

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "माझं वय झालं, मॅडम. मला आता काय व्हायचं हाय?"

मामींनी चहा आणला. मामांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि खोकले. चहाचा ठसका असेल. मी कप हातात धरून बसले, आणि ते पुन्हा खोकतात का, हे ऐकत राहिले.