खोक्यात हवा न भरणारी आत्या

गोदामात सगळे तिला आत्या म्हणत. रक्ताच्या नात्यानं ती तिथं कुणाचीच आत्या नव्हती, पण मान मात्र सगळ्यांकडून आत्याचाच घ्यायची. लोक घरबसल्या फोनवरून जे मागवत, ते ती तिच्या टेबलावर खोक्यात बसवायची.

कुंभाराची लेक ती. बाजाराला नेताना मडक्यात मडकं कसं बसवायचं, मध्ये किती पेंढा सारायचा, हे बापानं तिच्या बोटांत भरलं होतं. वस्तू हाती आली की तिची वीत आपोआप पसरायची, आणि कुठलं खोकं लागणार हे समोरच्या संगणकाच्या पडद्याआधी तिला कळायचं.

पडद्याचं गणित वेगळं. तो चार चमच्यांनाही बुटांचं खोकं सांगायचा, आणि उरल्या जागेत हवेच्या पिशव्या कोंबायला लावायचा.

"चमच्यांना काय आत लोळायचंय?" म्हणत आत्या लहान खोकं ओढायची.

दाराशी विजेवरची गाडी उभी असे. एका चार्जिंगमध्ये तिची एकच फेरी व्हायची. खोकी फुगली की माल मागे राही, आणि तो न्यायला डिझेलचा ट्रक धूर ओकत येई. आत्याच्या टेबलाचा माल कधी मागे राहिला नाही.

मग एक दिवस तिच्या टेबलावरून गेलेली काचेची बरणी फुटून परत आली. गोदामाच्या साहेबांनी ती खोक्यासकट तिच्यापुढे ठेवली. सोबत एक कागद.

"आत्या, सही करा. यापुढे पडदा सांगेल तेच खोकं. नाहीतर उद्यापासून हे टेबल दुसऱ्याचं."

आत्यानं खोकं उलटसुलट करून पाहिलं. बरणीची कड पुठ्ठ्याला टेकली होती. मध्ये बोटभर कागद सारायला ती घाईत विसरली होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "कबूल. पण सही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बोटभर कागद विसरले, म्हणून रोज ढीगभर हवा भरू? जेवताना एक शीत सांडलं, तर उद्यापासून तुम्ही परातीत जेवाल का साहेब?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"पडदा हिशेब करूनच सांगतो, आत्या."

"त्यानं बरणी कधी हातात घेतलीय?"

तेवढ्यात गाडीवाला दारातून ओरडला, "आत्या, आटपा की! साहेब, तिला असं अडवून ठेवणार असाल तर ट्रक तुम्हीच बोलवा, आणि का बोलावला तेही वरच्यांना तुम्हीच सांगा."

"शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले.

आत्यानं कागद उचलला. ओठ हलवत, सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. सगळ्यांना वाटलं, नमली. तिनं तो दोन्ही तळहातांत चुरगळला, टेबलावर खोक्यात बसवलेल्या दुसऱ्या बरणीच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये नीट सारला, चिकटपट्टी मारली, आणि खोकं कानाशी धरून हलवलं. आतून हूं नाही की चूं नाही.

"ही नाही फुटायची. उद्याचं उद्या बघू. आज या टेबलावर मी आहे."

साहेब हात पुढे करीपर्यंत गाडीवाल्यानं खोकं उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती घंटेआधीच येऊन त्याच टेबलाशी पाय रोवून उभी राहिली. साहेब आले, क्षणभर थबकले, आणि तिचं टेबल तिलाच ठेवून पुढच्या टेबलाकडे गेले.