अष्टमीला काढलेली रेघ

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी अजूनही अभिमानानं सांगते. म्हणून हेही मलाच सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या सरांनी निबंध दिला होता: दर्यावर्दी साम्राज्यांनी नवे सापडलेले मुलूख वेगळ्या तऱ्हेनं वाटून घेतले असते तर? मी लिहिलं, पोर्तुगाल आणि स्पेनच्या वाटणीची रेघ आमच्याच खाडीतून गेली. उत्तरेला एकाचा किल्ला, दक्षिणेला दुसऱ्याचा, आणि मधल्या पाण्यात जाळं टाकायला दोन राजांचे दोन परवाने. सरांनी तो वर्गात वाचला. मी घरी आईला वाचून दाखवला. ती तिसऱ्या फोडत बसली होती.

"आन् तिसऱ्या कोन काढायचं?"

"अगं, इथं राजांचं चाललंय, तू तिसऱ्या काय घेऊन बसलीस!" मी हसले.

तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले. ओहोटीला बायकांनी काढायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. आमचं घर त्यावरच चालायचं.

त्याच सुमारास खाडीच्या तोंडाशी वाळूचा नवा पट्टा वर आला. त्यावर तिसऱ्याच तिसऱ्या. पलीकडच्या गावच्या बायकांची आणि आमच्यांची भांडणं जुंपली, एकदा तर पाट्या पाण्यात गेल्या. शेवटी दोन्ही गावांच्या पंचांनी वाटणी ठरवली. आमचे पंच म्हणाले, "नकाशा आपली शिकलेली पोर काढील. राजांची वाटनी केलीय तिनं!"

मी रविवार ठरवला.

आई म्हणाली, "रविवारी अष्टमी हाय. भांगेचं पानी, पुरतं उतरत न्हाय. अवसेला जा सकाळी, मंग दिसंल पट्टा किती हाय तो."

"अवसेला सकाळी माझं कॉलेज आहे. आणि नकाशा मला काढायचाय, तुला नाही."

ती पाटी घेऊन बाजाराला निघाली.

रविवारी भर दुपारी टेप धरून मी पट्टा मोजला, कागदावर उतरवला, मधोमध रेघ मारली. आमच्या बायकांना चालायला जवळ म्हणून किनाऱ्याकडचा भाग आमच्याकडे ठेवला, समुद्राकडचा त्यांना. फार हुशारी केली असं वाटलं. पलीकडच्या पंचांनी कागद घरी नेऊन बायकांना दाखवला आणि दुसऱ्या दिवशी हसत सह्या केल्या. आमच्या पंचांनी जागच्या जागी केल्या. आमच्याकडच्या तिसऱ्या काढणाऱ्या एकीलाही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अवसेला पाणी खाली गेलं, आणि पट्टा समुद्राच्या अंगाला माझ्या कागदाच्या तिप्पट निघाला. तिसऱ्या सगळ्या तिकडंच. आमच्या वाट्याला नुसती वाळू. आई पाटी घेऊन रेघेवर रोवलेल्या खुंटापर्यंत गेली. पलीकडून एक बाई ओरडली, "ए वयनी, थांब तिथंच! रेघ तुझ्याच लेकीची हाय!"

मी पंचांकडे गेले, चूक माझी म्हणून सांगितलं. "कागद झाला तो झाला," ते म्हणाले. "आता फिरवला तर गावाची अब्रू जाईल."

मला पदवी मिळाली त्या दिवशी आई किहीमला पर्यटकांच्या एका कॉटेजच्या लाद्या पुसत होती. अजून पुसते. मला ती कधी काही बोलली नाही.

अवसेला मात्र कामावर उशिरा जाते. सकाळी ओट्यावर बसून पाणी उतरताना बघते. परवा मीही शेजारी जाऊन बसले. पट्टा वर आला, पलीकडच्या बायका वाकलेल्या दिसायला लागल्या. मी उठले.

"थांब," ती म्हणाली. "अजून उतरंल. अजून बराच हाय."

आम्ही पुरतं उतरेपर्यंत बसलो. मग तिनं डबा उचलला आणि एसटी गाठायला निघाली.