डीपीपासून उपकेंद्रापर्यंतची तार

आमगावच्या आतल्या एका खेड्यात मी आरोग्य उपकेंद्राची नर्स होते, तेव्हाची गोष्ट. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माघातली थंडी होती आणि उन्हाळी धानाची रोवणी चालली होती.

सकाळी एका शेतकऱ्याच्या बायकोची सुटका झाली, महिनाभर आधीच. मुलगी, पावणेदोन किलोची. एवढंसं बाळ ऊब धरत नाही, म्हणून मी तिला लाकडी पेटीत ठेवलं. पेटीला वरून दोनशे वॅटचे दोन बल्ब होते. आमगावहून दवाखान्याची गाडी यायला दीड तास लागणार होता. बाळ उघड्या अंगाशी धरून ऊब द्यायची पद्धत तेव्हा आम्हाला कोणी शिकवली नव्हती.

आईचं रक्त थांबत नव्हतं. मी तिच्याकडे वळले, कात्री-चिमट्यांचं सामान पुन्हा उकळायला ठेवलं, आणि थोड्या वेळानं बाळाची आजी म्हणाली, "सिस्टर, दिवे पिवळे काऊन झाले?"

बल्बच्या तारा नुसत्या लालसर दिसत होत्या. मी बाळाच्या पायाला हात लावला. थंड होता. रडणंही बारीक झालं होतं.

"मोटारीनं झालं," मी बापाला म्हटलं. "डीपीच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर सगळे पंप चालून राहिले. जा, बंद करायला सांग."

तो चिखलातून धावत गेला. एकेक मोटार बंद झाल्याचं मला ऐकू येत होतं. बांध्यांत, धानाच्या खाचरांत, बाया रोपं हातात धरून उभ्या राहिल्या. बल्ब थोडेसे उजळले, पण पुरेसे नाहीत. मी आजीचं लुगडं बाळाभोवती गुंडाळलं. आता आणखी काय करावं ते मला सुचत नव्हतं.

बाप परतला तो गावातल्या वायरमनला घेऊनच. वायरमननं आधी डीपीजवळच्या खांबावर मीटर लावून पाहिलं होतं. आता आमच्या बोर्डावर लावलं.

"तिथं दोनशे दहा व्होल्ट. इथं दीडशे," तो म्हणाला. "ही तार बारीक हाय, लांब हाय, अन् तीन जोड. जेवढं ओढाल तेवढं वाटेतच गळते. काय चालू हाय इथं?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. सामान उकळायचं विजेचं भांडं. सगळ्यात जास्त वीज तेच खात होतं, आणि ते मीच लावलं होतं.

त्यानं बटण बंद केलं. बल्ब पांढरे झाले.

पाऊण तास मी बाळाच्या पायावर हात ठेवून बसले, दुसरा हात आईच्या पोटावर. रक्त आधी थांबलं. मग पाय कोमट लागले. गाडी आली तेव्हा मुलगी मोठ्यानं रडत होती. आठवड्यानं दोघी घरी आल्या.

गाडी निघायच्या आधीच मी त्या बापाला खरं सांगितलं होतं. शेजाऱ्यांची रोवणी उगाच थांबवली, चूक माझी होती.

"हे त्याईले तुमीच सांगा," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी घरोघर जाऊन सांगितलं. एका म्हातारीनं तोंड फिरवलं. बाकीच्यांनी चहा दिला. जाड तार मात्र पुढच्या पावसाळ्यानंतरच आली, चार अर्ज केल्यावर.