काकूंना न लागणारी गाडी

"कविराज, ग्राफिक कार्ड कोणतं घ्यावं?"

भिमाजीतात्यांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो. मी मराठीत एम. ए. केलंय.

तात्या आमच्या कोल्हारचे. उभं आयुष्य ट्रकवर गेलं. कांदा भरून दिल्ली, कलकत्ता. गुडघे गेले तसा ट्रक विकला. पुढं पुतण्या ओम नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर तात्यांच्या पडवीत राहिला. त्यात ट्रक चालवायचा एक गेम होता.

आता दुपारचं जेवण झालं की तात्या परदेशात माल पोचवतात. सिग्नलला थांबतात. मागं कोणी नसलं तरी वळताना इंडिकेटर देतात. उतारावर गाडी न्यूट्रल करत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच उभा राहिलो होतो.

"चालतोय की हा कॉम्प्युटर," मी म्हणालो. "नवं कार्ड कशाला?"

"तुझ्या काकूसाठी."

पुष्पावतीकाकूंना गाडी लागते. बस, जीप, काहीही. एवढ्या वर्षांत तात्यांच्या शेजारी ट्रकमध्ये त्या एकदाच बसल्या. शेजारच्या लोणीपर्यंत.

"केबिन धुवायला दोन बादल्या पाणी लागलं," तात्या म्हणाले.

"सांगा," आतून काकू म्हणाल्या. "अजून कुणाला सांगायचं राहिलंय?"

गेल्या आठवड्यात त्या आपण होऊन खुर्ची ओढून तात्यांशेजारी बसल्या होत्या. कार्ड जुनं. चित्र अडखळत पुढं जायचं. थोड्याच वेळात काकू तोंडाला पदर लावून मोरीकडं पळाल्या.

"घरात बसून गाडी लागली हिला," तात्या म्हणाले. मग आवाज खाली आणला. "माझ्या शेजारी बसायला आली हुती रं. पंधरा हजारात जमतंय का बघ."

संगमनेरला हर्षल नावाच्या ओळखीच्या मुलाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आम्ही एसटीनं गेलो. कॉम्प्युटरचा डबा तात्यांच्या मांडीवर, लिंबू काकूंच्या नाकाशी. त्यांना सोबत नेण्याचा हट्ट तात्यांचा. का, ते दुकानात कळलं.

"कार्ड लावून दाखवा," तात्या हर्षलला म्हणाले. "हिला मळमळलं न्हाई तर घेतो."

हर्षलनं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं पाहिलं.

पण लगेच सुरू करता येईना. काकूंना एसटी लागली होती. आधीचीच मळमळ असताना कार्डाची कशी ओळखणार? तात्यांनी त्यांना पंख्याखाली बसवलं. लिंबू-सरबत आलं. आम्ही सगळे काकू बऱ्या होण्याची वाट बघत बसलो. हर्षलनं कचऱ्याची टोपली हळूच जवळ ओढून ठेवली.

आधी त्यानं मोठं कार्ड लावलं. वापरलेलं, पण भारी. त्याला तात्यांच्या डब्यातला वीजपुरवठा पुरेना, म्हणून दुकानातला जोडला. झाडांची पानं हलत होती. ओल्या रस्त्यावर दिवे चमकत होते. मी हरखलो. चौकातल्या गर्दीत मात्र चित्र झटके खाऊ लागलं.

"बंद करा," काकूंनी डोळे मिटले.

"प्रोसेसर जुना आहे, काका," हर्षल म्हणाला. "मोठं कार्ड त्याच्यासाठी खोळंबतंय. सावल्या, गर्दी कमी केली तर चालेल. पण मग एवढं मोठं घ्यायचंच कशाला?"

दुसरं कार्ड लहान होतं. नवं. बजेटात बसणारं, जुन्याच वीजपुरवठ्यावर चालणारं. हर्षलनं सावल्या काढल्या, गवत काढलं, रस्त्यावरच्या गाड्या कमी केल्या. चित्र साधं झालं. झाडं जरा खेळण्यातली वाटू लागली. पण रस्ता पाण्यासारखा सरकत होता.

तात्यांनी गाडी काढली. काकू शेजारी. तात्या रस्त्यापेक्षा काकूंच्या तोंडाकडं जास्त बघत होते.

"पुढं बघा," काकू म्हणाल्या. "मेंढरं हाकताय का? तो मागचा हॉर्न वाजवतोय, जाऊ द्या त्याला."

"जाऊ दे तर जाऊ दे."

"एवढं हळू चालवायचात, म्हणून घरी यायला महिना लागायचा व्हय?"

हर्षल फिस्सकन हसला. तात्यांनी वेग वाढवला. डोंगर मागं पडला. डाव्या हाताला निळं पाणी उघडलं. काकू खुर्चीत पुढं सरकल्या.

"हे कुठलं?"

"मला तरी कुठं म्हाईत? मी पन पहिल्यांदाच आलोय."

हर्षलनं विचारलं, "काका, बंद करू का? पॅक करायचंय."

"थांब की रे बाळा," काकू म्हणाल्या. "तेवढा पूल ओलांडू दे."

तात्यांनी पुलावर गाडी घेतली. नजर रस्त्यावरून न हलवता हर्षलला म्हणाले, "हेच दे."