धाकटीचं मत

धाकटीला प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नसे. टेंभुर्णीहून लग्न होऊन ती आमच्या घरात आली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वांना, जेवताना विचारलं, "अव्वा, बायका मागनं का जेवतात? भाकरी गार हुती की." मी तेव्हा भाकऱ्या थापत होते. हातातलं पीठ तसंच राहिलं. आता घरात काय होतंय म्हणून वळून पाहिलं, तर अव्वा तोंडाला पदर लावून हसत होत्या. "बा, बा," कानडीत म्हणाल्या, म्हणजे ये, "बस माझ्याशेजारी." धाकटी बसली. मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. हाच प्रश्न मी आठ वर्षं पोटात घेऊन हिंडत होते.

ती माझ्या दिराची बायको. मी थोरली जाऊ, म्हणून मला अक्का म्हणायची. इंजिनिअर झालेली, पण बोलणं थेट माढ्याकडचं. मी लग्नकार्यात जपून, शुद्ध बोलायची आणि कोपऱ्यात बसायची. ती "व्हय की" म्हणायची आणि बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. तिच्यात एवढं काय आहे, याचा मी पुष्कळ शोध घेतला. नाक माझं सरळ, पुरणपोळी माझी मऊ, शिवण माझं बारीक. तरी घरात पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "धाकटी कुठंय?"

आमच्या घरी मतदान म्हणजे सकाळच्या चहाबरोबर मिळणारी सूचना. आमच्या ह्यांची मार्केट यार्डात कांद्याची आडत. सगळ्यांशी जुळवून घ्यावं लागतं. हे चिन्ह सांगत, अव्वा आणि मी ते दाबून येत असू. महापालिकेच्या निवडणुकीत धाकटीचं नाव पहिल्यांदाच आमच्या यादीत आलं होतं. ह्यांनी चिन्ह सांगितलं आणि ती म्हणाली, "दादा, त्येलाच का? त्येनं काय केलंय?" मला वाटलं, आता कपबशी फुटणार. ह्यांनी कपबशी खाली ठेवली आणि तिला सगळं समजावून सांगितलं. गटार कुणी केलं, दिवे कुणी लावले, कुणाचा मेहुणा कुणाकडे. माझ्याशी हे दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन मिठावर. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं, पटलं. पण कुणाला दिलं ते सांगणार न्हाय हां." ह्यांना केवढं हसू आलं! मी त्या दिवशी सांगितलेलंच चिन्ह दाबलं आणि घरी येऊन भांडी जरा जोरात आपटली.

मग दीर आणि ती अमेरिकेला गेले. मला वाटलं, आता घर माझं. पण दूर गेलेलं माणूस घरात जास्त जागा व्यापतं. रविवारी तिचा फोन यायचा आणि अव्वा आंघोळ करून, केस विंचरून फोनपाशी बसायच्या. तिथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा तिनं फोटो पाठवला, हातात कागदी झेंडा, गालांवरून पाणी वाहतंय. अव्वांनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला. धूळ पुसायचं काम माझं.

पुढे ती तिथल्या एका पक्षासाठी दारोदार फिरायला लागली. "अक्का, कुत्री लई हायत हितं," फोनवर सांगायची, "पण माणसं दार उघडतात, बोलतात. एक म्हातारा म्हणला, तू परकी, तुला काय कळतंय? म्हणलं, मी शपथ घेऊन आलेय, तुमी नुसतंच जन्मलाय." मी तिच्याबरोबर हसले आणि फोन ठेवला. भाजीबाजारापलीकडे मी कधी एकटी गेले नव्हते. गल्लीतल्या बायका थांबवून विचारत, "तुमची जाऊ अमेरिकेचा अध्यक्ष निवडती म्हणं?" जसं काही मी तिची पोस्टमन.

माझ्या मुलीच्या लग्नाला ती महिनाभर आली. डोक्यात पांढरे केस दिसत होते. खटकलं ते वेगळंच. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. मांडववाल्याला नाही, आचाऱ्याला नाही. लग्नानंतर एका दुपारी आम्ही दोघी आतल्या खोलीत कूलरपुढे आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. मी मुद्दाम काडी टाकली, "काय म्हणतंय तुझं मतदान?"

"सोडलं अक्का," ती म्हणाली. "या खेपेला गेलेच न्हाय."

मी घडी खाली ठेवली. मग ती सावकाश सांगत गेली. तिच्या राज्यात कोण जिंकणार ते आधीपासून सगळ्यांना माहीत असतं, म्हणून अध्यक्षपदाचे उमेदवार तिकडे फिरकतही नाहीत. ते जातात जिथं अटीतटीची लढत आहे त्या मोजक्या राज्यांत. देशभरात जास्त मतं घेतलेला माणूस हरू शकतो, कारण हिशेब राज्याराज्यांचा. खासदारकीच्या मतदारसंघाच्या रेषा अशा वळवून काढलेल्या की जागा कुणाची हे नकाशावरच ठरतं. "पयल्यांदा मत दिलं तवा मी गाडीत बसून रडले हुते," ती म्हणाली. "आता वाटतं, मी मत दिलं काय, न्हाय दिलं काय, कुणाचं काय अडलं?"

"मग दुसऱ्या पक्षाला द्यायचं," मी म्हटलं.

"दोनच हायत की. दुकानात दोनच लुगडी. दोनी आवडली न्हाईत तरी एक घ्यायचंच; न्हाय घेतलं तर म्हणतात, तुज्यामुळं दुसरं नेसावं लागलं सगळ्यांना. आन् दोनी दुकानांना सूत पुरवणारा शेठ एकच."

एकदा तिथं एक नर्स अपक्ष म्हणून उभी राहिली होती. औषधपाण्याच्या खर्चावर बोलायची. धाकटी आपला पक्ष सोडून तिच्यासाठी फिरली. लोक म्हणायचे, बाई लाखात एक आहे, पण मत वाया जाईल. पक्षातल्या मैत्रिणींनी तिला बोलावणं बंद केलं. तू त्या समोरच्यांनाच निवडून आणतेस, म्हणाल्या. ती नर्स हरली, हे धाकटीला लागलं नव्हतं. "चांगली हाय म्हणत्यात आन् देत न्हाईत, हे लागलं," ती म्हणाली आणि तिचा चेहरा वाकडातिकडा झाला.

खरं सांगते, तिनं बोलायला सुरुवात केली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण ती रडायला लागली आणि माझा जुना हेवा पुन्हा जागा झाला. हिच्या मनात केवढं मोठं काहीतरी मोडलं होतं! मोडायला आधी असावं लागतं. मी इतकी मतं दिली, एकही माझं नव्हतं. माझा भ्रमनिरास होणार तरी कशाचा? मी म्हटलं, "तुझं निदान मोडलं तरी."

तिनं माझ्याकडे बघितलं. काही बोलणार तेवढ्यात अव्वा दारात आल्या. धाकटी रडते हे दिसल्यावर त्यांनी कारणबिरण विचारलंच नाही. तिचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "सोड ते गाव. हितं ये. हितं उभी राहा निवडणुकीला, मी मत देते तुला."

"हितं मला मत न्हाय आता, अव्वा," धाकटी म्हणाली. "हितलं सोडून दिलं, आन् तितलं कामाला येत न्हाय."

मी त्याच खोलीत बसले होते, मांडीवर साड्यांचा ढीग घेऊन. तू उभी राहा, असं मला त्या घरात कुणी गमतीतही म्हटलेलं नव्हतं.

ती परत गेली. स्टेशनवर अव्वांच्या आणि ह्यांच्या पाया पडली, मला मिठी मारली, आणि गाडी सुटल्यावर हात हलवला तो अव्वांकडे पाहून. त्यानंतर फोन कमी झाले.

मग आमच्या प्रभागात महिलेसाठी जागा सुटली. एका पक्षाचे दोन कार्यकर्ते घरी आले आणि ह्यांना म्हणाले, "शेठ, वहिनींचं नाव द्या. सही वहिनींची, बाकी सगळं आपण बघू." अव्वा आतून म्हणाल्या, "धाकटी पाहिजे होती आता." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ते वाक्य ऐकलं आणि पुढे जाऊन कप हातात दिले. "मी उभी राहीन," म्हटलं, "पण सही माझी तर कामंही मीच बघणार. सभेत मीच बोलणार." दोघे हसले. मग त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे कपातल्या चहाकडे बघत होते. चहा संपवून ते दोघे उठले, आणि त्या आठवड्यातच कोपऱ्यावरच्या फलकावर दुसऱ्याच कुणाच्या बायकोचा हात जोडलेला फोटो लागला.

मी धाकटीला आपणहून कधी फोन करत नसे. त्या दिवशी केला. सगळं सांगितलं आणि ती कीव करणार म्हणून ओठ आवळून थांबले.

"अक्का," ती म्हणाली, "म्हंजे ते तुमाला भ्याले की."

"कसले भ्याले? उठून गेले."

"म्हणूनच गेले. मी तितं एवढं फिरले, मत दिलं, मत न्हाय दिलं, कुणी मला भ्यालं न्हाय. तुमचं एक वाक्य ऐकून दोन माणसं उठली. मला लई हेवा वाटतोय बगा तुमचा."

खरकटं काढायचंय, असं काहीतरी सांगून फोन ठेवला. अव्वांनी खोलीतून विचारलं, "काय म्हणती धाकटी?"

"बरी आहे," मी म्हटलं. बाकीचं अव्वांना सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नाही.