नवे टायर मागे

गिऱ्हाईक दुकानाशी पोचायच्या आतच ज्याच्या तोंडून ‘नाय’ बाहेर पडायचं, असा दुकानदार मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. जोगेश्वरीला हायवेच्या कडेला त्यांचं टायरचं दुकान होतं. दुकान कसलं, वर पत्रा, खाली तेलकट माती आणि दोन्ही बाजूंना टायरांच्या थप्प्या. कुणी विचारावं, ‘चौदा इंची आहे का हो?’ की आलंच, ‘नाय.’ डोक्यावर चार चौदा इंची लटकत असायचे, तरी नाय. ‘गाडी खंय आसा? गाडी घेवन ये. गाडी बघल्याशिवाय मी टायर देवचंय नाय.’ पाटीवर त्यांचं खरं नाव होतं म्हणे, पण पाटी थप्पीमागे गेलेली. सगळ्या जोगेश्वरीला ते नायकाका.

ते आणि माझे बाबा शेजारशेजारच्या गावांतले. दोघांनी गिरणीत एकाच खात्यात पंधरा वर्षं काढली. गिरणी सुटल्यावर बाबा एका कंपनीत स्टोअरकीपर झाले आणि काका एका बस डेपोत टायर विभागात लागले. तिथून हे वेड घेऊन बाहेर पडले. वेडच म्हणायचं, दुसरं काय? माणूस समोर आला तरी ते त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. आधी खाली बसून टायरवरून हात फिरवणार. मधली नक्षी झिजलेली असली तर ‘हवा जास्त भरतंस’, दोन्ही कडा झिजलेल्या असल्या तर ‘हवा भरूचोच कंटाळो तुका’. मग कुठे वर बघून माणूस ओळखणार, ‘बोला डॉक्टर, काय म्हणतास?’

एकदा गोरेगावच्या स्टुडिओत काम करणारा एक हिरो आला. पडद्यावरचा नव्हे, त्याच्या स्वतःच्या मते हिरो. त्याला गाडीला रुंद, मोठे टायर हवे होते. मित्राच्या गाडीच्या टायरवरचा आकडा त्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहून आणला होता. ‘तुका ह्यो आकडो कोणी सांगल्यान? शेजाऱ्याचो बूट घालून लग्नाक जातंस काय?’ काकांनी विचारलं. हिरो ऐकेना. शेवटी काकांनी तसलं एक चाक पुढे चढवलं, दुकानावर टवाळक्या करत बसलेल्या आम्हा चौघा टपोऱ्यांना गाडीत कोंबलं आणि म्हणाले, ‘आता पुरा वळव.’ त्याने स्टेअरिंग वळवलं आणि खर्रर्र करून टायर मडगार्डला घासला. ‘दिसता झकास. पण गाडी भरलंस की मडगार्ड टायर कापतला. तुझ्या गाडीच्या पुस्तकात जो आकडो आसा तोच तुझो.’ आम्ही हसून हसून गाडीबाहेर पडलो. हिरो चिडून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी निमूट पुस्तक घेऊन आला.

मी त्यांच्याशी वाद घालायचो. मला सवयच होती, शिकलेला होतो ना! ‘काका, सगळं जग नवे टायर पुढे घालतं, तुम्ही मागे का घालता?’ ते पाना खाली ठेवायचे. ‘पुढचो सुटलो तर गाडी सरळ जाता. तुका कळता, तू काय तरी करशीत. मागचो सुटलो तर गाडी फिरता. मगे देव पण स्टेरिंग धरूचो नाय.’ हे मी त्यांच्या तोंडून दहा वेळा तरी ऐकलं असेल. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

आमच्या घरात पहिली गाडी आली ती मीच घेतलेली, तिसऱ्या हाताची, फिकट निळी. बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि छातीच्या दुखण्याने खचले होते. त्यांनी एकच गोष्ट मनात धरली, यंदा गणपतीची मूर्ती मुंबईहून गाडीत घालून आपण स्वतः गावी न्यायची. गाडीचे दोन टायर तर पार टकले झालेले. त्या मापाचे साधे नायलॉनचे टायर गणपतीच्या तोंडावर कुठे मिळेनात. ऑफिसातल्या एकाने मला दोन कोरे रेडियल, म्हणजे आत तारा असलेले नव्या धर्तीचे टायर, मिळवून दिले. आकडा बरोबर, माप बरोबर. मी फुशारक्या मारत ते काकांकडे नेले.

‘दोन रेडियल, दोन नायलॉन? नाय.’

‘अहो, माप तेच आहे!’

‘माप तेच, जात येगळी. रेडियल रस्त्याक चिकटान ऱ्हवता. नायलॉन कडक, ता आधी सुटता. चारी एक जातीचे घाल, नायतर घालू नको. आठ दिवस थांब, माल येतलो.’

गणपती चार दिवसांवर आलेले. मी तणतणत घरी आलो. बाबांनी शर्ट चढवला आणि धापा टाकत स्वतः दुकानावर गेले. मी मागोमाग. बाबा काकांच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘नाय म्हणू नको रे. ह्या वर्षी बाप्पा माझ्या मांडीर बसान गावाक येतलो. पुढच्या वर्षी मी आसंय नसंय.’

काका बराच वेळ हातातलं फडकं पिळत उभे राहिले. मग जॅक लावला. दोन्ही रेडियल त्यांनी मागच्या चाकांना बसवले, माझ्या डोळ्यांदेखत. नट आवळून झाल्यावर माझी कॉलर धरली. ‘नवे मागे. आयकलंस? मागेच ऱ्हवाक होये. आणि सावकाश जा.’ मी म्हटलं, ‘हो हो, काका.’

महाडला चहाला थांबलो. पाऊस लागलेला होता. टपरीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरने गाडीकडे बघून विचारलं, ‘नवे टायर मागे? उलटे कोणी बसवले?’ आई मागच्या सीटवर होती. तिने पुढे बघितलं. बाबांच्या मांडीवर रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती. ती म्हणाली, ‘अरे, बाप्पा पुढे बसलाय नि त्याच्या पायाखाली जुने टायर? बरं दिसत नाही ते. बदल बघू.’ बाबा म्हणाले, ‘त्येणा सांगल्यान तसा ऱ्हवांदे.’ पण मलाही मनातून तेच वाटत होतं. पुढे बाप्पा, पुढे आजारी बाबा, पुढे मी. चांगलं ते पुढे नको? मी जॅक काढला आणि अर्ध्या तासात चाकांची अदलाबदल केली. आईने नव्या टायरांना कुंकू लावलं.

कशेडी घाटात एका वळणावर मागची चाकं सुटली. पुढची घट्ट धरून होती, म्हणून गाडी जागच्या जागी फिरली आणि बाबांच्या बाजूने दरडीवर आदळली. काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच. आईला आणि मला किरकोळ लागलं. बाबा तिथेच गेले.

तेराव्याला काका आले. आईसमोर हात जोडून जमिनीवरच बसले. ‘वयनी, चूक माझी. माका नाय म्हणूक होया होता.’ आई म्हणाली, ‘तुमचा काय दोष, भावजी? नशीब आमचं.’ तिला खरंच तसं वाटत होतं. कुणी नवे टायर पुढे घेतले म्हणून माणूस मरतो, हे तिच्या गावीही नव्हतं. तेव्हा तोंड उघडलं तर आई उरलेला जन्म स्वतःला खात बसणार, असं मी मनाशी म्हणालो. सबब चांगली होती. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘गाडी खंय आसा रे? माका एकदा बघूक होयी.’ मी सांगितलं, भंगारात गेली. गाडी तेव्हा महाडच्या एका गॅरेजच्या आवारात उभी होती. त्यांनी नुसती नजर टाकली असती तरी सगळं कळलं असतं. पुढच्याच आठवड्यात मी महाडला गेलो आणि ती खरंच भंगारात घातली. इतका नीच वागलो मी.

त्यानंतर दुकानावर लोक कुजबुजायला लागले. नायकाकाने टायर दिले आणि मित्राचाच जीव घेतला. ते कानावर गेलं तरी काका भांडले नाहीत. बसवलेलं चाक उतरवून पुन्हा बसवायचे. गिऱ्हाईक निघालं की त्याला थांबवून मापाचा आकडा परत वाचायचे, मग चष्मा पुसून आणखी एकदा. लोक कंटाळले. ‘म्हाताऱ्याची वाट लागली यार,’ असं माझ्यादेखत कुणी म्हणालं आणि मी मान हलवली. वर्षभरात त्यांनी दुकान विकलं आणि कायमचं गावी जायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत निरोप घ्यायला आले. आईने चहा केला. बाबांच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही. मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो. तिथे आम्ही दोघेच होतो. दार मागे बंद झालं होतं आणि आईला काही ऐकू येणार नव्हतं.

त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, ‘तू थंयच होतंस. दोन्ही नवे मी मागेच बसयलंय ना रे? डोळे मिटले की माझे हात दिसतत, चाक दिसता. पण ता पुढचा का मागचा, ता दिसना नाय.’

अहो, हजारो चाकं हाताखालून गेलेला तो माणूस! मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, ‘काका, मला नाही आठवत.’

‘माका पण नाय,’ ते म्हणाले.

कठडा धरून एकेक पायरी चाचपत ते उतरायला लागले. गुडघे गेलेले, तीन मजले उतरायला त्यांना दहा मिनिटं तरी लागली असतील. चपलांचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू येत होता. तेवढ्या वेळात मला एक हाक मारता आली असती.